आमची वाटचाल : टॉवेलच्या काठावर क्रोशा

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. विणलेल्या मालाला आमच्या सोलापुरात तोटा नाही. माल विणून, शिवून तयार झाला की आमचं काम सुरू होतं. टॉवेल, टेबलक्लॉथ, रुमाल, ओढणी, ज्याच्या-त्याच्या काठाला हाताने क्रोशाची लेस विणून द्यायची, एवढाच आमचा धंदा.

सुरुवात रुखवतापासून झाली. लग्नघरी ताटावरचे रुमाल आणि तोरणं क्रोशाचीच हवीत, म्हणून ओळखीच्या बायका यायच्या. मी आणि सासूबाई मिळून करून द्यायचो. दोघींना आवरेना, तेव्हा शहराच्या पूर्व भागातल्या बायकांना सोबत घेतलं. तिथे घरोघरी विड्या वळल्या जातात. त्या बोटांना बारीक सुई धरायला फारसं शिकवावं लागलं नाही. बोलणं निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. मला सगळ्याजणी अक्काच म्हणतात.

धंद्याला खरा जोर आला तो टॉवेलमुळे. टेरीच्या लूपमध्ये सुई अडकली की धागा ओढला जातो आणि तो टॉवेल वाया जातो. म्हणून दुमडून शिवलेल्या सपाट काठावरच काम करायचं. घट्ट कापडात क्रोशाची सुई थेट शिरत नाही. आधी शिवणाच्या सुईने सारख्या अंतरावर ब्लँकेट टाके घालायचे आणि त्यांच्यावर पहिली ओळ विणायची. माझ्या मते सगळी लेस त्या ओळीतच ठरते. पंख्याची नक्षी घ्या : एका टाक्यात पाच खांब (म्हणजे उंच टाके), दोन टाके सोडून एक साधा टाका, पुन्हा दोन सोडून पुढचा पंखा. म्हणजे सहाच्या पटीचा हिशेब. तो पहिल्या ओळीत जमवला नाही, तर शेवटी अर्धा पंखा उरतो आणि तो कशानेच झाकत नाही. कोपऱ्यावर एकाच जागी तीन टाके घ्यायचे. कमी पडले तर कोपरा आत वळतो, जास्त झाले तर झालर पडते.

दोरा मर्सराइज्ड सुतीच वापरतो. त्याला चमक असते आणि तो धुण्याला टिकतो. लाल किंवा मरून दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग तपासल्याशिवाय तो कामाला घेत नाही.

मजुरी आधी फुटावर होती. तशी ठेवली की लांबी वाढते आणि टाके सैल पडतात. आता नक्षी पाहून नगावर देतो, कोपऱ्यांचे पैसे वेगळे. एका मोठ्या खरेदीदाराने मशीनची लेस शिवून निम्म्या भावात माल मागितला. आम्ही नाही म्हणालो. मशीनची लेस लांबून क्रोशासारखी दिसते, पण खरा क्रोशा आजही हातानेच होतो. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये मानांकन मिळालं, तेव्हा घरचं कार्य असल्यासारखा आनंद आमच्या सगळ्याजणींना झाला.

सध्या बाळंतविड्यासाठी लहान टॉवेलांना चांगली मागणी आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हात रिकामा नसतो, म्हणून रुखवताची ऑर्डर लग्नाच्या दीड महिना आधी द्या. कापड तुमचं असलं तरी चालेल, पण एकदा धुऊन आणा. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि मग लेस काठावर सैल पडते.