विधिमंडळापर्यंत आमचा एक प्रश्न

एलईडी दिव्यांच्या उजेडात मासेमारी करायला बंदी आहे, हे आमच्या बंदरातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ ला तसा आदेशच काढला. तरी थंडीत, अमावास्येच्या आगंमागं आमच्या होड्या रात्री बाहेर पडल्या की पश्चिमेला गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. जनरेटरवर चालणारे मोठे दिवे पाण्यावर सोडतात. त्या उजेडाला बांगडा, म्हाकूल, तारली, त्यांची पिल्लंसुद्धा गोळा होतात आणि मग पर्ससीनचं जाळं त्या सगळ्याला एकदम घेर घालतं. आमच्या दोन सिलिंडरच्या होडीने रात्रभर गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं, टाकून पहाटे जे आणायचं, त्यात डिझेलही सुटत नाही, अशा रात्री वाढत चालल्या होत्या.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहते. नवरा आणि दीर दर्यावर जातात. मी गावातल्या मच्छीमार सोसायटीचं लिहिण्याचं काम बघते, म्हणजे डिझेल परताव्याचे कागद, होड्यांचे परवाने, विम्याचे अर्ज. त्यामुळे ‘आता वर लिहायला पाहिजे’ असं ठरलं तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.

निवेदनं त्याआधीही गेली होती. प्रत्येक मोसमात एक. ‘परप्रांतीय व धनदांडग्या बोटींचा हैदोस थांबवा’, खाली सह्या, वर पुढाऱ्याबरोबर फोटो. त्यातल्या एकाही निवेदनाला लेखी उत्तर आलेलं नव्हतं. ते का येत नाही, याचा विचार करायला मला जून-जुलैमध्ये सवड मिळाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, जाळी विणण्याचं काम घरातच चालतं. त्या दिवसांत मी कायदा वाचायला घेतला.

पहिली गोष्ट कळली ती हद्दीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, एवढा दर्या राज्याच्या अखत्यारीत येतो. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतही तशीच वाटणी आहे, मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघ सूचीत. म्हणजे दिवे १० मैलांवर दिसले तर ती आमदारांनी विधिमंडळात मांडायची गोष्ट, आणि १५ मैलांवर दिसले तर खासदारांनी लोकसभेत. आमचे लोक मात्र जागा सांगतात ती वावांत, ‘वीस वाव पाण्यात होते’ अशी. खोली कळते, अंतर कळत नाही. म्हणून आधी एक वही घातली. होडी परतली की जीपीएसवरचे आकडे, तारीख, वेळ आणि दिवे कुठल्या दिशेला दिसले, एवढं त्यात लिहायचं. बोटीचा नोंदणी क्रमांक रात्री दिसत नाही, म्हणून तो रकाना मी ठेवलाच नाही. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, हे मी दिराला पुन्हा पुन्हा बजावलं.

दुसरी गोष्ट दंडाची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर एलईडी मासेमारीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आहे. आधी अशी प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची, दुरुस्तीनंतर तो अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आला. तेव्हा ‘कडक कायदा करा’ ही आमची जुनी मागणीच निरर्थक झाली होती. कायदा होता. रात्रीची गस्त किती होते, प्रकरणं किती दाखल झाली, दंड किती लागला आणि त्यातला वसूल किती झाला, हे विचारायला हवं होतं.

खरी अडचण याच्याही पलीकडे आहे आणि ती मोकळेपणाने लिहिली पाहिजे. पर्ससीनवाले सगळे काही बाहेरचे नाहीत. आमच्याच पंचक्रोशीतल्या लोकांच्या मोठ्या बोटी आहेत. आमच्या वाडीतली चार पोरं त्यांच्यावर खलाशी म्हणून जातात, कारण तिथे पगार बांधलेला मिळतो. लग्नात आम्ही एकाच पंगतीला बसतो. आमदारांच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे मतदार, आणि त्यातल्या एका बाजूकडे पैसा आणि माणसं जास्त. अशा वेळी ‘अमक्यांच्या बोटी धरा’ असं निवेदन हातात दिलं की आमदार ते घेतात, खिशात ठेवतात, ‘बघतो’ म्हणतात. मला त्यात लबाडी दिसत नाही. आपण त्यांना आपल्याच गावातल्या भांडणात उभं करतो आणि मग ते उभे राहत नाहीत म्हणून रागावतो.

सासऱ्यांनी मला एकच सांगितलं, ‘‘सूनबाय, कुणाचा नाव घेव नको. दर्यावर उद्या आपल्याला त्यांचीच मदत लागंल.’’ मला ते पटलं, आणि नुसतं भीतीपोटी नाही. होडीचं इंजिन बंद पडलं की ओढून आणायला मोठीच बोट येते. मग मी ठरवलं की आपली तक्रार बोटींवर करायचीच नाही, अंमलबजावणीवर करायची. कुठल्याही आमदाराला, कुठल्याही पक्षाच्या, ‘सरकारने गस्त किती घातली’ हे विचारायला कुणाची भीती वाटायचं कारण नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा होता. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. एरवी ती सह्यांपुरती होते, या वेळी मासे विकणाऱ्या सगळ्याजणी आल्या. खारवीवाड्यातल्या आल्या, मोहल्ल्यातल्या आल्या. एक मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्या टोपलीत काय येतंय ते लिव. होडीवाल्यांचा हिशेब ते देतील.’’ म्हणून ठरावात बाजाराचाही मुद्दा आला. आवक घटली की पहिला फटका टोपलीवालीला बसतो, तिला कुठली सबसिडी नाही आणि डिझेल परतावाही नाही. हा ठराव एकमताने झाला. दुसऱ्या दिवशीच्या मुख्य ग्रामसभेत थोडी खडाजंगी झाली, पण मजकुरात कुणाचंच नाव नसल्यामुळे विरोध करणाऱ्यांना धरायला काही सापडलं नाही.

ठराव घेऊन जायचं कुणाकडे? जवळचा लोकप्रतिनिधी म्हणजे जिल्हा परिषद सदस्य, पण जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, तिथे प्रशासक बसला होता आणि निवडणूक झालेली नव्हती. सरपंचांनंतर थेट आमदार, मधली पायरीच नव्हती. किनाऱ्यावरच्या माणसाला ही उणीव तेव्हा फार जाणवायची. मग यादी केली, ती आमच्या लोकांना वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली. विधानसभेचे आमदार आहेतच. पण विधान परिषदेत कोकण पदवीधर मतदारसंघाचे आमदार असतात, शिक्षक मतदारसंघाचे असतात, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे असतात. तेही प्रश्न विचारू शकतात. खासदारांच्या बाबतीत तर आधी आपला मतदारसंघ पाहून घ्यावा लागतो. दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला ते रायगडमध्ये मोडतात. जिल्हा एक म्हणून खासदार एक, असं नाही.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि ते मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बसून केलं. तिथे प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. वाचत गेले तसं लक्षात आलं की प्रश्नांचा एक ठरलेला साचा आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? त्यात काय आढळून आले व कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आमचं निवेदन मी याच साच्यात बसवलं. एक पान. वर संदर्भ म्हणून १९८१ चा अधिनियम आणि २०२१ ची दुरुस्ती, मध्ये चार उपप्रश्न, खाली वहीतल्या नोंदींचा तक्ता आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. १२ मैलांबाहेरच्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि त्या खासदारांच्या पत्राला जोडल्या.

एका कार्यालयात पत्र घेतलं, पण पोच द्यायला नकार दिला. ‘‘साहेबांच्या कानावर घालतो, कागद कशाला?’’ मी तिथे वाद घातला नाही. तेच पत्र पोच पावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. आवक क्रमांक नसलेलं पत्र पुढे कुणालाच सापडत नाही, पाठवणाऱ्यालाही नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. हे नव्याने लिहिणाऱ्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं.

गणपतीत आमच्याकडे सगळेच येतात, चाकरमानी येतात तसे पुढारीही दर्शनाला येतात. ही भेट घडवून आणायची खटपट सरपंचबाईंनी केली. आरती झाल्यावर, प्रसाद हातात असताना बोलायचं म्हणजे दोन-तीन मिनिटं. आम्ही गर्दी केली नाही. सरपंचबाई, एक टोपलीवाली मावशी, मोहल्ल्यातला एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, आणि मी. आमदारांनी कागद वाचला, पुन्हा वरपासून नजर फिरवली, तक्त्यावर बोट ठेवून तांडेलाला विचारलं, ‘‘ही जागा तुम्ही स्वतः पाहिलीत?’’ तो म्हणाला, ‘‘व्हय साहेब, माझ्याच होडीच्या जीपीएसवरची हाय.’’ मग त्यांनी स्वीय सहायकाला बोलावलं आणि आमच्यादेखत सांगितलं की हे नागपूरला लावा.

‘नागपूरला लावा’ म्हणजे हिवाळी अधिवेशनात प्रश्न द्या. पण प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, तो अध्यक्षांकडे स्वीकृत व्हावा लागतो आणि एकाच विषयावर इतरही आमदारांचे प्रश्न आले तर ते एकत्र केले जातात. पुढचा सगळा पाठपुरावा त्या सहायकांशी झाला. अत्यंत कामसू माणूस. त्यांच्याकडे येणारे दहातले नऊ लोक इस्पितळाचं बिल, बदली, वीजजोडणी, रस्त्याचा खड्डा यासाठी येतात, आणि ती कामंही खरीच असतात. मी त्यांना ठरावीक दिवशी एकदाच फोन करायचे आणि प्रत्येक वेळी नवीन काहीतरी द्यायचे. एखादी ताजी नोंद, नाहीतर कायद्यातलं कलम. नुसतं ‘काय झालं?’ म्हणून विचारणाऱ्याला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं. त्यांनीच मला सांगितलं की तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, पण प्रश्नोत्तराच्या तासात क्रम आला नाही तर उत्तर लेखी पटलावर ठेवलं जातं.

आमच्या प्रश्नाचं तसंच झालं. क्रम आला नाही. उत्तर लेखी मिळालं, त्याची प्रत सहायकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली. ‘अंशतः खरे आहे’, हा पहिला शब्दप्रयोग. गस्ती नौकेने गस्त घालण्यात येते, कारवाई करण्यात आली आहे, दंड आकारण्यात आला आहे, आणि शेवटच्या उपप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’.

सोसायटीत काहीजण नाराज झाले. मला मात्र तो कागद हातात आला तेव्हा भरून आलं. इतकी वर्षं आम्ही जे किनाऱ्यावर बोलत होतो ते अंशतः का होईना, खरं आहे असं सरकारने लिहून दिलं होतं. आणि त्या उत्तरातली फटही स्पष्ट दिसत होती. कारवाईचे आकडे सगळ्या किनारी जिल्ह्यांचे एकत्र दिले होते. आमच्या जिल्ह्याचे किती, त्यातली रात्रीची गस्त किती, आकारलेल्या दंडातला वसूल किती, याचा त्यात पत्ता नव्हता.

म्हणून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार अर्ज केला, विधिमंडळातल्या उत्तराची प्रत जोडून. मुदत ३० दिवसांची असते. अर्जाला उत्तर आलं, अपूर्ण आलं, त्यावर अपील केलं, मग गस्तीच्या नोंदवहीच्या प्रती मिळाल्या. त्यात रात्रीच्या फेऱ्या फार थोड्या होत्या, आणि आमच्या वहीत ज्या रात्री दिवे दिसल्याची नोंद होती त्या रात्रींना गस्तच नव्हती. त्यावर मी कुणावर आरोप केला नाही. दोन्ही तक्ते एकाखाली एक ठेवून आमदारांना आणि पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांना पाठवले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली. ती आमच्या पत्रामुळे झाली असा दावा मी करणार नाही, किनाऱ्यावरून अनेक वर्षं अनेकांनी रेटा लावला होता. पण ड्रोनने टिपलेल्या बोटींपैकी किती प्रकरणं निकाली निघाली, हा पुढचा प्रश्न आम्ही तयार करून ठेवला आहे.

खासदारांकडचं काम अजून चालू आहे. १२ मैलांबाहेरचा विषय लोकसभेत नियम ३७७ खाली मांडता येतो. तो मजकूर थोड्या शब्दांत द्यावा लागतो, म्हणून आमच्या तक्त्यातली सगळ्यात बोलकी नोंद निवडून मसुदा केला आहे. या वेळी तो मावश्यांनीही वाचला. टोपलीचा मुद्दा वर घ्या, असं त्यांनी सुचवलं, आणि तो वर घेतला आहे. महिला ग्रामसभेत त्यावर पुन्हा सह्या होतील आणि दुसऱ्या दिवशी पत्र जाईल. पोच पावती सोसायटीच्या फायलीत लागेल.