ट्रायमर, दरपत्रके आणि अकरा आठवडे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला प्रतिपिंडांच्या एससीएफव्ही तुकड्यांची (दोन बदलते भाग एका साखळीत जोडलेल्या तुकड्यांची) कृत्रिम फाज लायब्ररी बांधायची होती, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या फाज विषाणूंवर असे असंख्य वेगवेगळे तुकडे दाखवणारा संग्रह. आराखडा, जैवसुरक्षा समितीची मंजुरी आणि फाजमिड (तुकड्याचे जनुक वाहणारा डीएनए) यांत फारसे अडले नाही. अडले ते ओलिगोंच्या, म्हणजे डीएनएच्या छोट्या कृत्रिम तुकड्यांच्या, मागणीपत्रापाशी.

सीडीआर-एच३ या प्रतिपिंडाच्या लक्ष्याला चिकटणाऱ्या भागातील दहा जागी वैविध्य आणण्यासाठी मी ट्रायमर पद्धतीचे ओलिगो मागितले होते. त्यांत एकेक न्यूक्लिओटाइड न जोडता पूर्ण कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन न्यूक्लिओटाइडांचा संकेत) जोडला जातो, त्यामुळे प्रथिनाची साखळी थांबवणारे स्टॉप कोडॉन आणि नको असलेले सिस्टीन हे अमिनो आम्ल मुळातच टळतात. खरेदी विभागाला मात्र त्यात केवळ महागडे ओलिगो दिसले आणि नस्ती शेरा घेऊन परत आली, की हीच वस्तू अन्य पुरवठादार स्वस्तात देतात. ते देत होते ते एनएनके, म्हणजे कोडॉनच्या पहिल्या दोन जागी कोणतेही न्यूक्लिओटाइड आणि तिसऱ्या जागी फक्त जी किंवा टी. त्याच्या ३२ कोडॉनांपैकी एक स्टॉप असतो. एका जागी तो नगण्य वाटतो, पण दहा जागांचा हिशेब मांडला तर सुमारे २७ टक्के क्लोनांमध्ये निदान एक तरी स्टॉप येतो. फाज वाढवण्यासाठी वापरलेले टीजी१ जिवाणू तिथे ग्लुटामिन बसवून काही अंशी वेळ निभावतात, पण पुढे दुसऱ्या यजमानात प्रथिन बनवताना साखळी तिथेच तुटते. हे मी तीनदा सविस्तर लिहून दिले आणि तिन्ही वेळा तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी दरच जिंकला. अखेर एका अनुभवी तंत्रज्ञांनी सुचवले की समजावणे सोडा आणि तांत्रिक अटींतच ‘वैविध्याच्या जागी स्टॉप व सिस्टीन कोडॉन नसावेत’ असे लिहा. स्वस्त दरपत्रके आपोआप अपात्र ठरली. ही ओळ पहिल्याच दिवशी लिहिली असती तर अकरा आठवडे वाचले असते, याचा राग अजून जात नाही.

आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते: मूळ फाजमिडच्या सीडीआरमध्ये मुद्दाम स्टॉप कोडॉन (टीजी१ ज्याच्या जागी ग्लुटामिन बसवत नाही असे टीएए) ठेवावेत, म्हणजे ज्यात बदल झालाच नाही असा क्लोन फाजवर तुकडा दाखवू शकत नाही. डीएनएचे तुकडे जोडण्याच्या, म्हणजे लायगेशनच्या, मिश्रणातील क्षार नीट काढावेत. घाईपायी मी ते टाळले आणि इलेक्ट्रोपोरेशनमध्ये (विजेच्या झटक्याने डीएनए जिवाणूंत घालताना) ठिणगी पडून दोन क्युव्हेट वाया गेल्या.

पहिल्या क्लोनांचे अनुक्रम आले, तेव्हा त्या दहा जागी एकही स्टॉप नव्हता. त्याची एक प्रत खरेदी विभागाला पाठवावी असे फार वाटले होते.