शेवटची वीतभर पट्टी पिवळी का?

"पट्टी डुप्लिकेट लागली बघा भावा."

राजारामपुरीतला हॉल, ५५ इंची टीव्ही, मागे चिकटवलेल्या एलईडी पट्टीचे दिवे पडद्याबरोबर रंग बदलतायत. कुस्तीची तांबडी माती झकास. पडदा पांढरा झाला की शेवटची वीतभर पिवळट.

पट्टी चांगली आहे हो! ५ व्होल्ट लांब जाता जाता घटतात. लाल एलईडीला साधारण २ पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. म्हणून निळा आधी मंदावतो, आणि पांढऱ्यातला निळा घटला की पिवळं दिसतं.

मीटरला ६० दिवे, टीव्हीभोवती पट्टी पावणेचार मीटर. पूर्ण पांढऱ्यावर दिव्याला ६० मिलिअँपिअर, म्हणजे साडेतेरा अँपिअर. एकाच टोकातून कसे पोचणार?

त्याच सप्लायवरून जाड वायरची दुसरी जोडी शेवटच्या टोकाला सोल्डर केली आणि पांढरा पांढरा दिसला. डेटाची, म्हणजे रंगाचा सिग्नल नेणारी वायर मात्र एकाच टोकाला, पट्टीवरच्या बाणाच्या दिशेनं.

फिटिंगवेळीच ही जोडी का टाकत नाहीत?