हूडबाहेर पडलेला एक थेंब

पहिली तक्रार आली ती फ्यूम हूडपासून (घातक वाफा बाहेर ओढून घेणारं, पुढे काच असलेलं कपाट) सगळ्यात लांब बसलेल्या मुलाकडून. तो वहीत नोंदी करत होता. "मॅडम, डोळे चुरचुरतायत," म्हणत त्याने चोळायला हात वर नेला. "हात लावू नकोस!" मी जवळजवळ ओरडलेच. तेवढ्यात त्याच्या शेजारची मुलगी शिंकायला लागली, आणि बॅलन्सच्या टेबलाजवळून पुढे येता येता माझ्याही डोळ्यांना धार लागली.

सिंथेसिसच्या प्रयोगशाळेत एकाच मिनिटात तिघांचे डोळे वाहू लागले, तर कारण शोधत बसायचं नसतं. आधी माणसं बाहेर काढायची. त्या दिवशी बेन्झाइल ब्रोमाइड या डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या द्रवाची रिअ‍ॅक्शन लागलेली होती हे मला माहीत होतं, त्यामुळे संशय कशावर घ्यायचा हेही कळलं. सगळ्यांना हातातलं काम आहे तिथे ठेवून बाहेर जायला सांगितलं. हूडचे पंखे चालू ठेवले, दार लावून घेतलं आणि त्यावर "आत जाऊ नये" असा कागद चिकटवला.

त्या मुलाच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. अशा वेळी लेन्स आधी काढायची की डोळे आधी धुवायचे, यावर लोक घोळ घालतात आणि मोलाची मिनिटं जातात. पाणी ताबडतोब सुरू करायचं, आणि धुता धुता लेन्स सहज निघत असेल तर काढायची. आयवॉश बाहेरच्या बोळात होता. मी त्याच्या पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि घड्याळाकडे बघत पूर्ण पंधरा मिनिटं पाणी चालू ठेवलं. दोन-तीन मिनिटांनी तो म्हणाला, "आता बरं वाटतंय, पुरे." पुरे नव्हतं. बेन्झाइल ब्रोमाइड पाण्यात नीट मिसळत नाही, आणि पाण्याशी त्याची क्रिया हळूहळू होऊन हायड्रोब्रोमिक आम्ल तयार होतं. म्हणून बरं वाटलं तरी धुणं थांबवायचं नाही. मग त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं आणि सोबत सेफ्टी डेटा शीटची प्रत दिली. रुग्णासोबत रसायनाचं नाव लिहिलेला कागद गेला की डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता प्रश्न होता की वाफ येतेय कुठून. मी आणि एक सहकारी पूर्ण चेहरा झाकणारे, सेंद्रिय वाफ आणि आम्लवायू दोन्ही अडवणारी काडतुसं लावलेले मास्क चढवून आत गेलो. हूडमध्ये सगळं जागच्या जागी. काच खाली, फ्लास्क ढवळतोय, बाटलीचं झाकण घट्ट. मास्क लावल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ज्या डोळ्यांनी धोका ओळखला तेच आता काही सांगत नाहीत. हवेत वाफ कुठे जास्त आहे हे कळायला काही मार्ग उरत नाही. उत्तर मिळणार होतं ते रिअ‍ॅक्शन लावणाऱ्या मुलीकडूनच.

ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. अशा वेळी आवाज चढवला की माणूस बोलायचंच बंद करतं, आणि मग तो थेंब पुढच्या कुणाच्या तरी हाताला लागेपर्यंत सापडत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "तू हूडमधून बाहेर काय काय आणलंस, ते क्रमाने आठव." थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, सिरिंज आणली होती. वजन करायला."

छापील कृतीत बेन्झाइल ब्रोमाइडचं प्रमाण ग्रॅममध्ये दिलेलं होतं. म्हणून तिने सिरिंज भरून बाहेरच्या बॅलन्सवर आधी भरलेली आणि मग रिकामी तोलली. मधल्या वेळात सुईच्या टोकावरून एक थेंब बॅलन्सच्या ताटलीवर पडला. तिने तो टिश्यूने नीट पुसला, ग्लोव्ह्ज बदलले (हे तिने अगदी बरोबर केलं, पातळ नायट्राइल ग्लोव्ह्ज असल्या द्रवांना फार वेळ अडवत नाहीत) आणि टिश्यू व जुने ग्लोव्ह्ज टेबलाखालच्या उघड्या डब्यात टाकले. डोळ्यांना साफ दिसलं म्हणजे साफ झालं, असं तिला वाटलं. पुसलेला द्रव नाहीसा होत नाही, तो टिश्यूवर पसरतो. पसरला की जास्त पृष्ठभाग उघडा पडतो आणि वाफ अधिकच जोमाने निघते.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते तिच्या पुढच्या वाक्याने. "बाटलीवर फक्त उद्गारचिन्हच होतं ना. कवटी नव्हती." असा विचार करणारी ती एकटी नाही. उद्गारचिन्हाचा लाल चौकोन दिसला की मुलं सैलावतात. त्या चिन्हामागच्या धोक्यांच्या वर्गवारीत डोळ्यांचा दाह म्हणजे पाहणीच्या एकवीस दिवसांत पूर्ण भरून येणारी इजा. एकवीस दिवस! आणि एक थेंब किती अंतरावर पोचतो, हे ते चिन्ह सांगतच नाही. त्या बाटलीवर त्वचा, डोळे आणि श्वसनमार्ग अशा तिन्हींसाठी सूचना छापलेल्या होत्या. त्या बारीक अक्षरांत असतात.

बेन्झाइल ब्रोमाइडच्या रेणूतल्या कार्बनच्या कड्याला एक मिथाइल गट जोडला की झायलिल ब्रोमाइड होतं. ३१ जानेवारी १९१५ ला जर्मन सैन्याने पोलंडमधल्या बोलिमुव इथे रशियन फौजांवर त्याचे तोफगोळे डागले होते. कडाक्याच्या थंडीत द्रवाची वाफच नीट झाली नाही, म्हणून तो हल्ला फसला. प्रयोगशाळेच्या उबदार खोलीत अशी सूट मिळत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावर वेदना ओळखणाऱ्या चेता असतात, आणि त्यांच्या टोकांशी टीआरपीए-१ नावाचं प्रथिन असतं. बेन्झाइल गट (रेणूचा ब्रोमीन सोडून उरलेला भाग) त्या प्रथिनातल्या गंधकाला थेट जाऊन चिकटतो. जे रसायन फ्लास्कमध्ये फिनॉलच्या ऑक्सिजनला चिकटवायला आपण वापरतो, ते डोळ्यात नेमकी तीच करामत करतं.

टिश्यू आणि ग्लोव्ह्ज आम्ही दुहेरी पिशवीत बंद करून हूडमध्ये नेले. बॅलन्सची ताटली काढून हूडमध्येच इथेनॉलमधल्या ट्रायइथाइल अमाइनमध्ये बुडवून ठेवली. अमाइन बेन्झाइल गटाला पकडतं आणि न उडणारं क्षारासारखं संयुग तयार होतं. ओल्या फडक्याने पुसून हे होत नाही, उलट डाग पसरतो. डबा रिकामा करायला संध्याकाळी मावशी येतात. त्या दिवशी कुणाचे डोळे चुरचुरले नसते, तर ते टिश्यू उघड्या हातांनी त्यांनीच उचलले असते. तो विचार अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही.

चुरचुरणं ही खरं तर या रसायनाची आपल्यावर झालेली मेहेरबानीच. डायमिथाइल सल्फेटही असाच गट चिकटवणारं, पण त्याला लक्षात येईल असा वास नाही आणि लक्षणं काही तासांनी दिसतात, तोवर फुप्फुसांना इजा झालेली असते. ती सिरिंज त्याची असती तर आम्ही सगळे आपापल्या जागी बसून काम करत राहिलो असतो.

मुलाच्या बुबुळाला इजा नव्हती, दोन दिवसांत लालीही गेली. बैठकीत एकाने सुचवलं की बेन्झाइल ब्रोमाइड बंदच करू, बेन्झाइल क्लोराइड वापरू. मी ठाम विरोध केला. क्लोराइडही डोळ्यांतून पाणी काढतं, वर श्वासावाटे विषारी आहे आणि युरोपीय वर्गवारीत कर्करोगाच्या सूचनेसह येतं. क्रिया संथ होते म्हणून त्यात सोडियम आयोडाइड घातलं की फ्लास्कमध्ये बेन्झाइल आयोडाइड बनतं, तेही डोळ्यांना झोंबणारंच.

बदल केला तो तोलण्याच्या पद्धतीत. बेन्झाइल ब्रोमाइडची घनता मिलिलिटरला १.४४ ग्रॅम आहे. दहा मिलिमोल (रेणूंच्या संख्येवरून प्रमाण मोजायचं एकक) म्हणजे १.७१ ग्रॅम, म्हणजेच १.१९ मिलिलिटर. सिरिंजवर खुणा असतातच, तेव्हा बॅलन्सकडे जायची गरजच नाही. हा हिशोब आता फ्रिजमधल्या बाटलीवर चिठ्ठी लावून लिहिलेला आहे. हूडमध्ये झाकणाचा कचराडबा ठेवलाय, आणि वापरलेली सिरिंज अमाइनच्या द्रावणात धुतल्याशिवाय बाहेर निघत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीने तीच रिअ‍ॅक्शन पुन्हा लावली. मी शेजारी उभी होते, पण हात लावावा लागला नाही.