तारीख ओळखण्याचा वेग

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या विक्रीच्या एक्सेल फाइली वाचणारा प्रोग्रॅम मी सांभाळतो. एक्सेलमध्ये तारीख ही निव्वळ संख्या असते. 45000 म्हणजे 15 मार्च 2023, आणि ती तारीख आहे की नगांची संख्या, हे केवळ त्या सेलच्या फॉरमॅटवरून कळते. प्रत्येक फॉरमॅटला क्रमांक असतो; 14 ते 22 हे एक्सेलचे अंगभूत क्रमांक तारीख-वेळेचेच असल्याने तेथे प्रश्न नसतो. सानुकूल, म्हणजे वापरकर्त्याने स्वतः ठरवलेले फॉरमॅट मात्र 164 पासून सुरू होतात आणि त्यांची मजकुरी व्याख्या तपासावी लागते: अवतरणातील ‘डझन’ इंग्रजीत लिहिले, तर त्यातील ‘डी’ दिवसाचा नव्हे, चौकटी कंसातील ‘रेड’ हा रंग आहे, पण त्याच कंसातील ‘एच’ मात्र एकूण उलटून गेलेले तास दाखवतो, म्हणून कंस सरसकट वगळता येत नाहीत. ही तपासणी प्रत्येक सेलसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्राने) करणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी, कारण हजारो ओळींच्या फाइलीतही निरनिराळ्या शैली (सेलचे फॉरमॅट ज्यात नोंदलेले असते त्या) सहसा मोजक्याच असतात. त्यामुळे फाइल उघडतानाच प्रत्येक शैलीचा निर्णय एकदा घेऊन तो शैली-क्रमांकानुसार अॅरेमध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, ठेवावा. पुढे प्रत्येक सेलला केवळ त्या अॅरेतील नोंद पाहणे पुरते.