फुंकल्यानंतरचे दोन तास

'ड्रिंक अँड ड्राइव्ह'वर बोलताना सगळे श्वास तपासणाऱ्या, फुंकायच्या यंत्रावरच्या आकड्याबद्दल बोलतात. केस टिकते की पडते, ते मात्र बहुतेकदा त्यानंतरच्या दोन तासांत आणि कागदांवर ठरतं.

तरी आकडा आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. म्हणजे बरोबर ३० ला गुन्हा नाही, ३१ ला आहे. आपल्याकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीच्या एका पेगात दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. साठ किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने अंदाजे २५ मिलिग्रॅम चढतात, पन्नास किलोच्या बाईच्या रक्तात पस्तिशीच्या पुढे. 'एकच घेतलाय' हे अगदी खरं असलं तरी तिच्यावर गुन्हा बसू शकतो. ६५० मिलीची पाच टक्क्यांची बिअर त्या पुरुषाला साठाच्या वर नेते. उतरायचा वेग तासाला १५ च्या आसपास. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यातलं काहीही तो वाढवत नाही. मध्यरात्री १५० असलेला माणूस सकाळी सातला कामावर निघाला तर अजून ४५ वर असतो. रात्री नाकाबंदीतून सुटलेले तळीराम सकाळी सापडतात ते असे.

'गाडी हलवलीच नव्हती, नुसती चालू करत होतो' हा बचाव लंगडा आहे. चालवण्याचा प्रयत्नही कलमात येतो.

फुंकायला सांगण्याचा अधिकार कलम २०३ देतं, गणवेशातल्या पोलिसाला किंवा अधिकार दिलेल्या आरटीओ अधिकाऱ्याला. अट एकच, संशयाला वाजवी कारण हवं. काच खाली करायला लावून दोन वाक्यं बोलतात ती त्यासाठीच. वास आला, जीभ अडखळली की कारण मिळालं. यंत्रातल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर श्वासातल्या अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून विद्युतप्रवाह निघतो आणि त्याचा आकडा बनतो. मोजला जातो श्वास, रक्त नाही. श्वासातल्या अल्कोहोलला साधारण २१०० ने गुणून रक्तातला आकडा काढतात. त्यामुळे तोंडात उरलेली दारू किंवा नुकताच वापरलेला माउथवॉश आकडा फुगवतो. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकलं की तो खोटा फुगवटा उतरतो, प्यायलेल्याचा आकडा तेवढ्यात फारसा हलत नाही. नळी नवी, पाकीट समोर फोडलेलं, फुंकण्याआधी यंत्रावर शून्य, आणि छापलेल्या पावतीवरची वेळ बरोबर आहे ना, हे चालकाने पाहावं आणि पोलिसानेही. आधी शून्य न दाखवलेल्या यंत्राचा आकडा बचावाच्या वकिलाला आयताच मिळतो.

यंत्राने अल्कोहोल दाखवलं, किंवा माणसाने फुंकायला नकार दिला आणि संशयाला आधार असला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. नकार म्हणजे सुटका, हा समज फार पसरलाय. कलम २०५ प्रमाणे सबळ कारण न देता श्वास किंवा रक्त द्यायला नाही म्हटलं, तर तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो.

आता ते दोन तास. कलम २०२ म्हणतं, १८५ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. गुन्हा तेवढ्याने पुसला जात नाही, पण वेळ निसटते. पोलिसांची गाडी दुसऱ्या ठिकाणी गेलेली असते, कॅज्युअल्टीत रांग असते, डॉक्टर अपघाताच्या पेशंटमध्ये गुंतलेले असतात. म्हणून स्टेशन डायरीत अटकेची वेळ नेमकी लिहिणं हे त्या रात्रीचं सर्वांत महत्त्वाचं काम. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी स्त्री हजर हवीच.

रक्त काढताना हात स्पिरिटने पुसायचा नाही, साबणपाण्याने किंवा पोव्हिडोन आयोडीनने पुसायचा. स्पिरिट हे स्वतःच अल्कोहोल आहे. नमुना करड्या झाकणाच्या नळीत घ्यायचा; तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइड जंतूंना थोपवतं, नाहीतर ते रक्तातली साखर आंबवून नवं अल्कोहोल तयार करू शकतात. नळी भरायची, हलवायची, सही आणि सील करून फ्रीजमध्ये ठेवायची. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर नमुना बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की रक्त घेण्यापासून सीए (सरकारी रासायनिक तपासणीच्या) रिपोर्टपर्यंत नळी किती हातांतून जाते.

नुसत्या 'वास येत होता, झोकांड्या जात होत्या' यावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच, महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, रक्त-लघवीच्या तपासणीशिवाय असल्या लक्षणांवर दारू प्यायल्याचा निष्कर्ष पक्का होत नाही असं म्हटलंय.

ड्रग्जच्या बाबतीत कायदा जास्त भोंगळ आहे. तिथे मिलिग्रॅमची मर्यादाच नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतपत अंमल हवा, असं कलम म्हणतं. फुंकायच्या यंत्राला गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन) कळत नाही. कलम २०४ मधली रक्तचाचणीही यंत्राने अल्कोहोल दाखवल्यावर किंवा फुंकायला नकार दिल्यावरच लागू होते. यंत्रावर शून्य आणि डोळे तारवटलेले, अशा माणसाला अटक करून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली डॉक्टरकडे न्यावं लागतं. लघवीत गांजाचे अंश कित्येक दिवस राहतात. त्यामुळे तो रिपोर्ट एकटा पुरत नाही. गाडी कशी चालली होती, बोलणं कसं होतं, डोळ्यांच्या बाहुल्या, तोल, हे सगळं डॉक्टरने तेव्हाच लिहून ठेवलेलं असावं लागतं.

शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, पण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कारण कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत १८५ नाही. कोर्टात जावंच लागतं. लायसन्स जप्त होऊन निलंबनासाठी आरटीओकडे जातं. त्याची पोच मागून घ्या. प्यायलेल्याला चालवायला भरीस घालणाऱ्यालाही कलम १८८ प्रमाणे तीच शिक्षा.

केस सुटली म्हणजे विम्याचे पैसेही मिळाले असं धरू नका. अपघातानंतर श्वास किंवा रक्त तपासलंच नसलं तरी चालक नशेत होता हे विमा कंपनी इतर पुराव्यांवरून दाखवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय. फौजदारी कोर्टात तारणारी पोलिसांची चूक तिथे उपयोगी पडेलच असं नाही, आणि गाडीच्या दुरुस्तीचं बिल मालकाच्याच गळ्यात येऊ शकतं.