राजाची परवानगी आणि नॉरफोकची वीट

बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना रीतीप्रमाणे लंडन दाखवून झालं. त्यांनी सगळं सोशिकपणे बघितलं. पण उभा जन्म बांधकाम खात्यात काढलेला तो माणूस खरा खुलला तो इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोकमधल्या ऑक्सबरो हॉल या जुन्या वाड्यात. खंदकावरचा पूल ओलांडून देवडीत शिरताच त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाले, "भाजणी चांगली आहे."

वीट आपल्याकडच्या आजच्या विटेपेक्षा पातळ. एकीसारखी दुसरी नाही; कुठे गुलाबी, कुठे काळपट लाल, कडा झिजलेल्या. हे घर सर एडमंड बेडिंगफेल्ड यांनी १४८२ च्या सुमारास बांधलं. नॉरफोकमध्ये बांधकामाला चांगला दगड मिळत नाही, मिळते ती ओबडधोबड गारगोटी. म्हणून वीट. पण वीट म्हणजे काटकसर, असं समजू नका. त्या काळी इंग्लंडात विटेचं घर ही श्रीमंतांची हौस होती. साधा माणूस लाकूड आणि मातीत राहायचा.

देवडी सुमारे ८० फूट उंच. दोन बाजूंना बुरूज, वर दातेरी कठडा, समोर पाणी. छाती दडपतेच. मात्र बाबा मान वर करून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "किल्ल्याला एवढ्या मोठ्या खिडक्या कशाला?" बरोबर पकडलं त्यांनी! लढायला नाहीच ते घर. थाट आहे सगळा. तरी थाटालाही राजाची परवानगी लागायची. घराला तटबंदी आणि दातेरी कठडे करायचा परवाना एडमंडना चौथ्या एडवर्ड राजाकडून १४८२ मध्ये मिळाला.

यावर बाबांना शनिवारवाडा आठवला नसता तरच नवल. पहिला मजला दगडी झाला, तेवढ्यात साताऱ्याहून हरकत आली की दगडी बांधकाम छत्रपतींनीच करावं, म्हणून वरचं काम विटेत झालं, ही गोष्ट पुण्यात पोरासोरांनाही पाठ असते. "म्हणजे इथेही तेच," बाबा म्हणाले. तेवढ्यावरून इंग्रज त्यांना एकदम जवळचे वाटू लागले.

आत अंगण आणि भोवती खोल्या, म्हणजे आपला चौसोपी वाडाच. फक्त दक्षिणेकडचा मोठा दिवाणखाना १७७५ मध्ये पाडला. देवडीतला गोल जिना बाबांनी दोनदा चढला, गुडघे दुखत असताना. पायऱ्या विटेच्या आणि डोक्यावरचं छतही विटेचंच, जिन्याबरोबर गरगर वळत वर जाणारं. "असा मिस्त्री आज मिळायचा नाही," असं पुटपुटत ते दर चार पायऱ्यांना थांबायचे. मागची माणसं बिचारी मुकाट उभी.

वर राजाची खोली आहे. सातवा हेन्री १४८७ मध्ये आला होता म्हणून ते नाव. मला मात्र त्या खोलीला लागून असलेल्या बुरुजातली एक एवढीशी जागा विसरता येत नाही. जमिनीला फरशा. त्यांतल्याच काही फरशा म्हणजे झाकण! खाली पाद्री लपवायची अंधारी बिळासारखी जागा. बेडिंगफेल्ड मंडळी कॅथलिक. त्यांच्यापैकी सर हेन्री १५५४ मध्ये इंग्लंडच्या कॅथलिक मेरी राणीच्या हुकमावरून तिची प्रॉटेस्टंट बहीण, राजकन्या एलिझाबेथ, हिच्यावर पहारेकरी होते, आणि चारच वर्षांत ती कैदीण राणी झाली. पुढे तिच्याच राज्यात १५८५ च्या कायद्यानं कॅथलिक पाद्र्याला आसरा देणाऱ्याला फाशी ठरली. बाहेर एवढा किल्ल्याचा देखावा, आणि माणसाचा जीव वाचवायला जेमतेम माणूस मावेल एवढं भोक. मी वाकून बघितलं आणि लगेच मागे सरले.

स्कॉटलंडच्या मेरी राणीनं कैदेत असताना केलेलं भरतकामही इथे आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

घर पडणारच होतं. १९५१ मध्ये ते विकलं गेलं, नवा मालक पाडून लाकूड काढणार होता. तेव्हा घराण्यातल्या तीन बायकांनी स्वतःची घरं विकून ते परत घेतलं आणि १९५२ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केलं. मग २०१६ मध्ये छपराची एक खिडकी कोसळली आणि साठ लाख पौंडांचं काम निघालं. त्या कामात २०२० मध्ये माळ्यावरच्या तक्तपोशीच्या फळ्या उचलल्या, तर खाली उंदरांची घरटी. उंदरांनी शतकानुशतकं ओढून आणलेले जुन्या कापडांचे आणि हस्तलिखितांचे तुकडे त्यांत होते. पंधराव्या शतकातलं, निळ्या-सोनेरी अक्षरांचं चर्मपत्राचं एक पानही त्या माळ्यावर निघालं. चुन्याच्या जाड थरानं ओल शोषून घेतल्यामुळे सगळं टिकलं. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा चॉकलेटचा एक रिकामा खोका.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला माळा साफ करायला तुझ्या आईनं माणूस सांगितलाय. आज फोन करून थांबव त्याला."